माशांचं पाणी: ड्रमचं झाकण उघडं ठेवायचं की बंद?

गच्चीवरची
नमस्कार मंडळी. इथे मासे पाळणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. आम्ही इंदूरला, सुदामा नगरात. लेकाच्या वाढदिवसाला दोन फुटी टाकी घेतली (24 बाय 12 बाय 12 इंच), तिला आता वर्ष होईल. आत आठ गप्पी, चार मॉली, दोन एंजल. म्हणजे होते. रविवारी पाणी बदललं आणि सोमवारी सकाळी दोन मॉली आणि एक एंजल तळाशी. लेक शाळेत जायला तयार नव्हता.

नळाचं पाणी मी थेट घालत नाही, एवढं कळतं मला. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते. आली की गच्चीवरच्या निळ्या ड्रमात भरते, डेंग्यूच्या भीतीने झाकण घट्ट लावते आणि तीन दिवसांनी वापरते. रविवारी जरा जास्तच बदललं, निम्म्याच्या वर. परीक्षा आणि लग्नसराईत तीन महिने नुसतं आटलेलं पाणी वरून भरणंच चाललं होतं, म्हणून वाटलं एकदाच काय ते नीट करू.

सासूबाई म्हणतात झाकण उघडं हवं होतं, पाण्याला वारा लागला पाहिजे. नवरा म्हणतो उघडं ठेवलं की डास. दुकानदार म्हणाला, पूर्ण टाकी रिकामी करून धुऊन टाका आणि नवे मासे घेऊन जा. त्याचा सल्ला त्याच्यापाशी. माझा प्रश्न एवढाच, झाकण उघडं की बंद? आणि चुकलं कुठे?

भिया_इंदूरी
झाकण अर्धं उघडं ठेवा. सासूबाई आणि साहेब दोघंही अर्धे खूश. (हलके घ्या. मॉलींचं वाईट वाटलं.)

रामबागकर
ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. तीन दिवस साठवलं म्हणजे क्लोरीन गेला, असं आपण धरून चालतो. पण तो जातो कुठे? हवेत. झाकण घट्ट, ड्रम काठोकाठ भरलेला, आत ऊन नाही, मग त्याने जायचं तरी कुठून? उघड्या तोंडाच्या भांड्यात 24 ते 48 तासांत उडतो. आत एअर पंपाचा एक स्टोन सोडला तर आणखी लवकर. ऊन लागलं तर त्याहून लवकर, कारण उन्हात तो मोडतो.

डासांचं साहेबांचंही चूक नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. यावर आमच्या आईचा उपाय म्हणजे झाकणाऐवजी जुनं सुती कापड, कडेने इलॅस्टिक. वारा आत जातो, डास जात नाही. कापड मधे लोंबून पाण्याला टेकू देऊ नका. आणि आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण रिकामा करून आतल्या भिंती घासायच्या. अंडी भिंतीला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. घासायला साबण नाही, नुसता काथ्या.

मोरपंखी
साबणावरून आठवलं. आमच्याकडे माशांची बादली वेगळी होती, पण ते फक्त मला माहीत होतं. कामाच्या मावशींनी एक दिवस प्रेमाने ती भांड्यांच्या पावडरने लखलखीत केली. पुढचं सांगत नाही. आता बादलीच्या दांड्याला लाल फडकं बांधलंय, त्या फडक्याची बादली कुणी शिवायची नाही.

दुसरी चूक त्याआधीची, तीही माझीच. आजेसासूबाईंचं तांब्याचं घंगाळ होतं, सुंदर, ठोक्याचं. वाटलं त्यातच मुरवावं माशांचं पाणी, दिसेलही छान. चार दिवसांत सगळ्या गोगलगायी बाहेर लोंबलेल्या. तांबं आपल्याला चांगलं म्हणून त्यांनाही चांगलं असेल असं वाटलं. गोगलगायी आणि कोळंबीसारख्या जिवांना थोडंसं तांबंही मारक असतं, माशांनाही जास्त झालं की बाधतं. घंगाळात आता कमळ आहे.

शेवचिवडा
हे पाणी भर मे महिन्यात गच्चीवर होतं ना? माझ्या गच्चीवरच्या ड्रममधलं पाणी मी एकदा मोजलं तर दुपारी 38 अंश निघालं. टाकीत 28. तुम्ही निम्म्याहून जास्त पाणी घातलंत. दहा अंशांचा फरक एका दमात कुणाला सोसेल? शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 25 अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास, 35 ला सातच्या जवळ.

मी ड्रम जिन्याखाली ठेवतो. नाहीतर आदल्या रात्री एक बादली घरात आणून ठेवायची, सकाळी टाकीच्या तापमानाला येते. फरक एक-दोन अंशांचाच असू द्या.

गच्चीवरची
@शेवचिवडा, पाणी सकाळी सातला बदललं होतं, तेव्हा गार लागत होतं हाताला. पण मोजलं नव्हतं, खरं सांगते. @मोरपंखी, माझी बादली अंघोळीचीच आहे. आत्ता तुमचं वाचून पोटात गोळा आला.

बडोद्याचा_बंडू
आम्हाला हा त्रास नाही. आमच्याकडे सयाजीरावांच्या काळापासून आजवा तलावाचं पाणी, अमृत नुसतं.

आणि झाकणाचा प्रश्न मी केव्हाच मिटवलाय. ड्रमात दोन गप्पी सोडून ठेवल्यात. एक अळी शिल्लक राहत नाही.

भिया_इंदूरी
@बडोद्याचा_बंडू, म्हणजे माशांचं पाणी मुरवायला मासे, त्या माशांचं पाणी मुरवायला आणखी मासे... तुमच्याकडे एकूण ड्रम किती?

बडोद्याचा_बंडू
तीन. का?

भिया_इंदूरी
हसून हसून पुरेवाट!

रामबागकर
हसू नका, गप्पींची गोष्ट खरी आहे. विहिरी-हौदांत हिवतापवाले गप्पी सोडतातच. फक्त बंडूभाऊ, त्याच ड्रमात ताज्या नळाचं पाणी भरता तेव्हा त्या दोघी जिवंत राहतात हे कसं?

बडोद्याचा_बंडू
...कधीकधी नाही राहत.

निवृत्त_मास्तर
उशिरा आलो. 34 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं लांबेल.

मुरवत ठेवायला जागा नसेल किंवा घाई असेल तर हायपो वापरा. म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटो धुणाऱ्यांकडे मिळायचं, आता मासेवाल्यांकडे अँटिक्लोरीन म्हणून थेंबाच्या बाटलीत मिळतं ते बहुतेकदा हेच. रसायनांच्या दुकानात खडे घेतलेत तर खूप स्वस्त पडतं. हिशोब सोपा आहे. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला 7 मिलिग्रॅम हायपो धरा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरावा असं आहे, प्रत्यक्षात कमीजास्त असतो, पावसाळ्यात वाढवतात. आपण 0.5 धरू. 40 लिटरला 20 मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे 140 मिलिग्रॅम हायपो. एवढं घरी मोजता येत नाही, म्हणून 10 ग्रॅम खडे 1 लिटर पाण्यात विरघळवायचे. त्यातल्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम, म्हणजे 14 मिलिलिटर घातलं की झालं. औषधाच्या बाटलीचं टोपण मापाला चालतं. द्रावण अंधारात ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी ताजं करा.

क्लोरीन आहे की गेला, हे वासावर ठरवू नका. ओटीओचं द्रावण मिळतं, परीक्षानळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर आहे, जितकं गडद तितका जास्त. माझं या धाग्यावर एवढंच म्हणणं आहे, ताई: उघडं की बंद ते नंतर, आधी ओटीओ.

एक सावधगिरी. पाण्यात मुळात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी जोडला जाऊन क्लोरामाइन होतं, आणि ते मुरवून जात नाही. हायपोने त्यातला क्लोरीन सुटतो, अमोनिया मागे राहतो.

शेवचिवडा
सर, आमची आजी पाणी उकळून गार करून घालायची. चालतं का?

निवृत्त_मास्तर
क्लोरीन जातो. सोबत विरघळलेली हवाही जाते, म्हणून वापरण्याआधी चांगलं घुसळा किंवा स्टोन लावा. क्षार पातेल्याच्या बुडाशी बसतात. पण 40 लिटर उकळणार कोण?

बोरिंगवाला
एवढा खटाटोप कशाला? बोरिंगचं घाला. क्लोरीन नाही, हायपो नाही, चिंता नाही. गेली बारा वर्षं माझे गप्पी-मॉली बोरिंगवर आहेत. माळव्याचा काळा दगड, पाणी जड, पण मॉलीला जडच आवडतं. हलक्या पाण्यात ती अंग आक्रसून थरथरत पोहायला लागते.

एकच. बोरिंगचं पाणी उपसलं की लगेच घालू नका. त्यात कर्बवायू भरलेला असतो आणि प्राणवायू कमी. रात्रभर स्टोन लावून ठेवलं की पीएच (पाण्याच्या आंबटपणाचं माप, आकडा खाली तितकं आंबट) स्वतःच वर येतो आणि मग स्थिर होतो. लोह असेल तर तांबूस गाळ बसतो, वरचं पाणी घ्यायचं.

निवृत्त_मास्तर
@बोरिंगवाला, मॉलीला मान्य. पण नियॉन, डिस्कस पाळणाऱ्याने तुमचं ऐकलं तर? त्यांना हलकं पाणी लागतं, आरओ आणि नळाचं मिसळून.

बोरिंगवाला
सर, डिस्कस पाळणाऱ्याने माझं कशाला ऐकावं, त्याने बँकेचं ऐकावं.

मोरपंखी
आरओवरून, तो बाजूने जे पाणी फेकतो ते माशांना चालेल का? रोज बादलीभर जातं, जीव तुटतो.

निवृत्त_मास्तर
त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा दाट झालेले असतात. फरशी पुसा. आणि नुसतं आरओचं शुद्ध पाणीही घालू नका, त्यात पीएच धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं.

तिघऱ्याकाठी
ग्वाल्हेरहून. उन्हाळ्याचं सगळं बोलताय, थंडीचं कुणी नाही. आमच्याकडे जानेवारीत नळाचं पाणी हात गोठवतं. एकदा ते हायपो टाकून लगेच घातलं. क्लोरीन नव्हता, खात्री होती. तासाभरात काचेवर, पानांवर, माशांच्या परांवर बारीक बुडबुडे, सोड्याच्या ग्लासासारखे. नळातलं गार पाणी दाबाखाली असतं, जास्तीची हवा धरून असतं. टाकीत गरम झालं की ती सुटते, माशाच्या अंगातही. म्हणून हायपो असो नसो, रात्रभर ठेवायचंच.

रामबागकर
जरा अवांतर. वडील सांगतात, 1978 साली इंदूरला नर्मदा आली त्याआधी सगळी भिस्त यशवंत सागर आणि बिलावली या तलावांवर. नर्मदेकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर, विंध्य चढून नदी घरात येणार, यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. अजूनही आमच्याकडे नळ आला म्हणत नाहीत, "नर्मदा आली" म्हणतात. आजी पहिल्या तांब्याला हात जोडायची, मग बादल्या.

भिया_इंदूरी
आमच्याकडे पहिला तांब्या हौदाच्या मोटारीला. एअर धरते मेली.

आणि साठवलेल्या पाण्याचा सगळ्यात मोठा शत्रू कोण विचारा. क्लोरीन नाही, डास नाही. गेल्या रंगपंचमीला राजवाड्याची गेर (रंगाची मिरवणूक) बघून पोरं घरी आली, पिचकाऱ्या रिकाम्या, नळाला पाणी नाही. गच्चीवर माझा ड्रम. चार दिवस मुरवलेलं पाणी, नितळ, आणि त्यात गुलाबी रंग. 80 लिटर! मी वर गेलो तेव्हा तेच पाणी माझ्या अंगावर आलं.

शेवचिवडा
निदान क्लोरीन नव्हता, त्वचेला बरं.

पाणीपट्टी
सगळे ड्रमभोवती फिरताय. ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये दोन शब्द आहेत ते कुणी वाचलेले दिसत नाहीत. "तीन महिने".

तीन महिने नुसती भर घालणं म्हणजे आटताना पाणी उडून जातं, घाण तिथेच राहते. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, यांचा अमोनिया. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे करताना पाण्यातला क्षाराचा आधार खर्च होत जातो आणि पीएच हळूहळू खाली येतो. फार खाली गेला की जिवाणूही मंदावतात, अमोनिया साठायला लागतो. पण पीएच कमी असल्याने तो जवळजवळ सगळा अमोनियम रूपात असतो, मासे त्यात बरे दिसतात. आपल्याला वाटतं, टाकी छान चाललीय.

आता त्यात एकदम निम्मं ताजं पाणी ओता. पीएच वर. तोच साठलेला अमोनिया विषारी रूपात उलटतो. 25 अंशांना पीएच 7 असताना त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी असतो, पीएच 8 ला पाच टक्क्यांच्या वर. दहापट! तुमचं पाणी कितीही छान मुरलेलं असतं तरी हे झालं असतं. ताई, टाकीचा आणि ड्रमचा पीएच मोजाल का? आणि टाकीतला अमोनिया.

निवृत्त_मास्तर
हे मी लिहायला हवं होतं. अनुमोदन. तरीही ओटीओ करा.

बोरिंगवाला
आता मला सांगा, मोजमापं न करता बारा वर्षं माझे मासे कसे जगले?

पाणीपट्टी
@बोरिंगवाला, तुम्ही दर रविवारी बदलत असणार. आणि तुमच्या जड पाण्यात आधार भरपूर, पीएच पडतच नाही.

बोरिंगवाला
दर रविवारी, पोहे-जलेबी झाली की. हो.

गच्चीवरची
मंडळी, मोजलं सगळं. लेकाने वहीत तक्ता केलाय, शाळेतल्या प्रयोगासारखा.

ड्रम, झाकण घट्ट, चौथा दिवस: ओटीओ पिवळं. अगदी स्पष्ट. सासूबाईंना नळी दाखवली, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या नवऱ्याकडे बघितलं.
ड्रमचा पीएच 7.8. टाकीचा, म्हणजे निम्म्याहून जास्त नवं पाणी घालून आठवडा झाल्यावरचा, 6.6. त्याआधी किती असेल देव जाणे. अमोनियाची नळी हिरवट, तक्त्यावर 1 च्या घरात.
सकाळी सातचं ड्रमचं तापमान 27. म्हणजे शेवचिवडा, तुमचा आरोपी सुटला.

मग मॉली कशाने गेल्या?

पाणीपट्टी
अमोनिया. रात्रभराने गेल्या ना.

निवृत्त_मास्तर
क्लोरीन. गलफडं जाळतो, अशक्त मासा रात्रीत जातो. ताई, रविवारी संध्याकाळी मासे वर येऊन तोंड उघडत होते का?

गच्चीवरची
हो, गप्पी वरच होत्या, मला वाटलं भूक लागली. खायला घातलं.

पाणीपट्टी
ते दोन्हीत होतं. आणि जास्तीचं खाणं अमोनियात भर.

निवृत्त_मास्तर
मान्य. तरी क्लोरीन.

भिया_इंदूरी
शवविच्छेदनाचा अहवाल येईपर्यंत दोघंही जामिनावर.

पाणीपट्टी
ताई, आता एकदम काही करू नका. रोज दहा टक्के, तुमच्या टाकीला पाच-सहा लिटर, आठ-दहा दिवस. पीएच सावकाश वर येऊ दे. खाणं निम्मं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा, नाहीतर आहेत तेही जिवाणू क्लोरीनने जातील. नंतर आठवड्याला वीस-पंचवीस टक्के. आणि दुकानदाराने सांगितलेलं धुणं अजिबात नको.

मोरपंखी
आणि अंघोळीची बादली बाद!

गच्चीवरची
पंधरा दिवसांनी येतेय. उरलेले सगळे आहेत, एक मॉली व्यायलीसुद्धा, लेकाने अकरा मोजली, आता सात दिसतात, बाकीची एंजलने मोजली असावीत.

ड्रम जिन्याखाली आलाय. तोंडावर सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा तुकडा, इलॅस्टिक त्यांनीच घातलं. आत स्टोन. दोन दिवसांनी ओटीओ केलं, पाणी पाण्यासारखं. बादली नवी, पिवळी, त्यावर लेकाने लिहिलंय "माशांची. आई, तुझी नाही". काढलेलं पाणी मोगऱ्याला घालतेय. एक विचारायचं राहिलं. पावसाचं पाणी धरून ठेवलं तर चालेल का? आता सुरू होईलच.

निवृत्त_मास्तर
पहिले दोन-तीन पाऊस सोडा, छताची सगळी धूळ त्यात येते. नंतरचं चालेल, पण फार हलकं असतं, नर्मदेच्या पाण्यात चौथाई मिसळा, त्याहून जास्त नको. पाणी गढूळ आलं म्हणून तुरटी फिरवू नका, पीएच पडतो.

बोरिंगवाला
किंवा बोरिंगचं घाला.

बडोद्याचा_बंडू
व्यालेल्या मॉलीची दोन पिल्लं मला पाठवता येतील का? एक ड्रम रिकामा आहे.